पसाभर ज्वारीची पोर

रंजूला सुपात बसवायचं होतं. आता सहा वर्षांची पोर सुपात मावणार कशी? आणि मावली असती तरी ती आमची रंजू होती. पहिल्याच लाथेला तिनं सूप उडवलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यात मोजून ठेवलेली पाच हळकुंडं परसभर झाली.

"नुसता पाय टेकव गं बाई," आत्याबाई काकुळतीला आल्या. "पाय लागला तरी रीत होती."

"नाही टेकवणार."

"गूळ देते."

"गूळ पण नको, पाय पण नाही."

शेवटी मीच तिला काखेत धरून उचललं आणि सुपावर अधांतरी धरलं. तिनं माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. ओरडायची सोय नव्हती, कारण त्याच वेळी मला ठरलेलं म्हणायचं होतं. ते मी म्हटलं, "घ्या बाई, ही पोर आम्हाला लाभत नाही. तुमच्या पदरात घ्या."

परसाच्या कमरेएवढ्या दगडी गडग्यापलीकडे बायजाक्का उभी होती. तिनं पदराच्या सोग्यातली पसाभर ज्वारी माझ्या पदरात ओतली आणि हात पुढं करून रंजूला अलगद पलीकडं घेतलं. रंजूनं तिच्याही हातावर दात रोवले. बायजाक्कानं हात काढून घेतला नाही. खाली बघत म्हणाली, "दात चांगलं हायती पोरीचं. ऊस खायाला कामाला येत्याल."

अशी मी माझी पहिली लेक पसाभर ज्वारीला विकली. याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली.

तुम्हाला नवल वाटेल, पण तेव्हा विट्यात हे कुणाला नवीन नव्हतं. ज्या घरात मूल लाभत नाही, त्या घरानं ते दुसऱ्या जातीच्या, सगळी लेकरं जगलेल्या सवाष्णीच्या पदरात टाकायचं. दिवसभर मूल तिच्याकडं ठेवायचं आणि दिवेलागणीला खणनारळ देऊन, "तुमची पोर आम्हाला सांभाळायला द्या" म्हणत परत आणायचं. मूल नावाला तिचं राहतं, म्हणजे आपल्या नशिबाची पीडा त्याला शोधत फिरत नाही. खरं तर हे सगळं मूल जगावं म्हणून करतात. आमची रंजू चांगली ठणठणीत होती. लाभत नव्हतो ते आम्ही तिला.

रंजूला राग आला की घर डोक्यावर घ्यायची हे म्हणणं फार सौम्य झालं. ती हाताला लागेल ते फेकायची. डोकं जमिनीवर आपटायची. चावायची, बोचकारायची, श्वास कोंडून निळी पडायची. कशावरून? भाकरी मोडून वाढली म्हणून. आंघोळीचं पाणी तिच्या आधी बाळाला घेतलं म्हणून. कधी कशावरूनच नाही. आमचं शिंप्याचं घर, पुढच्या खोलीत यांची दोन मशीनं, कात्र्या, सुया, तापलेली इस्त्री, आणि पाळण्यात आठ महिन्यांचा महादू. माझा जीव दिवसभर टांगणीला. शाळेत घातली तर तिसऱ्या महिन्यात मास्तर स्वतः तिला घरी घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, मला अजून चाळीस पोरं आहेत."

मग ठरलं की रंजूला सोलापूरला वन्संकडे ठेवायचं. वन्संचे मालक, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, ते शिस्तीचे. त्यांचा कमरेचा पट्टा सगळ्या नात्यात प्रसिद्ध होता. त्यांच्या घरी पोरं पाणी प्यायचं तर विचारून पीत. पंधरा दिवसांनी दाजी येऊन रंजूला घेऊन जाणार होते. आत्याबाईंचा जीव मात्र नातीवर. त्या म्हणाल्या, "त्याआधी पोर पदरात टाकून बघू. गुण आला तर सोलापूर रद्द." हे म्हणाले, "कर आई तुझं समाधान." मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

बायजाक्काची निवड आत्याबाईंची. शेजारचंच घर, जात कासाराची, चार लेकरं होती ती चारी जगलेली आणि आपापल्या ठिकाणी नांदणारी. तिचा म्हातारा पाठीवर बांगड्यांच्या माळा घेऊन आठवडी बाजार करायचा आणि ही घरातल्या पुढच्या खोलीत बांगड्या भरायची. सगळी खोली काचेनं भरलेली. फेकाफेक करणारी पोर बांगड्यांच्या दुकानात ठेवायची, ही अक्कल आमच्याशिवाय कुणाला सुचली नसती. पण एका दिवसाचा तर प्रश्न, असं आम्ही म्हटलं.

चार वाजता लेंगऱ्याहून माणूस आला. भावकीतले थोरले मामंजी गेले होते.

आत्याबाई मटकन खालीच बसल्या. मामंजींचं वय ब्याऐंशी, त्यांच्याबद्दल दुःख होतंच, पण आत्याबाईंचा घोळ वेगळा होता. घरात दहा दिवसांचं सुतक आलं. सुतकात खणनारळ कुणाच्या ओटीत घालणार? आणि त्याशिवाय पोर परत आणणार कशी?

"अशीच आणू की," हे म्हणाले.

"अशीच? अर्धी रीत करून? अर्धवट रीत उलटते शिवराम. पोरीचं काही वाकडं झालं तर तू निस्तरशील?"

"मग पोरीला सुतक आहे की नाही?"

आत्याबाईंनी बराच विचार केला. "दुपारीच विकली. ती आपली नाहीच. तिला कुठलं सुतक?"

मी गडग्यापाशी जाऊन बायजाक्काला सगळं सांगितलं. ती दारात बसून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती. रंजू आत कुठंतरी होती, आवाज नव्हता, आणि आवाज नसला की मला जास्त भीती वाटायची.

"मग ऱ्हाऊ दे की माज्याकडं," बायजाक्का म्हणाली.

"दहा दिवस? अक्का, तुम्हाला ठाऊक नाही ती काय आहे."

"भित एकच हाय आपल्या दोघींत, शालन. मला समदं ऐकू येतंय."

मी मान खाली घातली.

त्या रात्री मी आठ वाजता बाळाला पाजून आडवी झाले आणि जाग आली तेव्हा उन्हं तुळशीवर आली होती. लग्नानंतर अशी झोप मला लागली नव्हती. उठले आणि पहिल्यांदा बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. पोर दुसऱ्याच्या घरी टाकून मी कशी झोपले? पण खोटं कशाला सांगू, बरं वाटलं ते आधी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचं ते झालं. पलीकडून काच फुटल्याचा आवाज आला. एक-दोन बांगड्यांचा नाही, अख्ख्या खोक्याचा. पाठोपाठ रंजूची किंकाळी. मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले, गडग्यावर पाय दिला.

"थांब तिथंच," बायजाक्का आतून म्हणाली. "सुतक हाय न्हवं तुला? माज्या दुकानाला शिवू नगंस."

मी गडग्याला धरून उभी राहिले. तिच्या मागच्या दारातून आतली खोली सरळ दिसायची. हिरव्या-लाल काचांचा सडा पडला होता आणि त्यात रंजू पाय आपटत उभी होती. बायजाक्कानं तिला मागून उचललं, काचांपासून लांब बाजेवर नेऊन ठेवलं. आता बसणार एक धपाटा, असं मी धरूनच चालले होते. पण बायजाक्का बाजेच्या खाली, तिच्याकडं पाठ करून बसली आणि उरलेल्या बांगड्या निवडायला लागली. रंजू किंचाळत होती. बाजेवरची वाकळ फेकली, उशी फेकली. उशी बायजाक्काच्या डोक्यात बसली. बायजाक्कानं ती उचलून मांडीखाली घेतली आणि वर बसली.

"अक्का, दोन ठेवून द्या की," मला राहवेना.

"ठिवून दिल्यावर फुटकी बांगडी सांदती व्हय?"

"मग तिला कळणार कसं?"

"आत्ता तिला काय बी कळायचं न्हाई. तू गप बग नुसती."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या हातावरचं पीठ वाळून गेलं. किंचाळणं हळूहळू रडण्यावर आलं, रडणं हुंदक्यांवर. मग रंजू बाजेवरून घसरत खाली आली आणि बायजाक्काच्या पाठीला पाठ लावून बसली. बायजाक्का तरीही वळली नाही. आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "मी काचा झाडते. तू सुपली धरतीस?"

रंजूनं सुपली धरली. तिच्या नाकातून शेंबूड गळत होता, पण सुपली तिनं नीट धरली.

मी परत येऊन पीठ भिजवायला बसले. आमच्या घरात रंजूनं एक पितळी फेकली की आम्ही चार माणसं चार आवाजात ओरडायचो.

संध्याकाळी बायजाक्का राख टाकायला परसात आली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिला असं काय केलंत?"

"काय केलं? काय बी न्हाई केलं." मग राखेचं घमेलं उपडं करत म्हणाली, "बांगडी भरताना बाईनं हात ताठ क्येला तर मी काय करती? दाबून घुसवली तर बांगडी फुटंल आन् बाईच्या हातात घुसंल. मग मी बसती. सासूचं इचारती, म्हशीचं इचारती. हात सैल झाला की बांगडी आपसूक जाती. पोरीच्या बी मुठी बग. आदी मुठी वळत्यात, मग आरडती. मुठी वळल्या की आपुन बोलायचं न्हाई. सैल झाल्या की मग काय सांगायचं ते सांगायचं."

सहा वर्षं मी रंजूचं तोंड बघत होते. तिच्या मुठी मी बघितल्याच नव्हत्या.

आता वाटेल की बायजाक्काच्या हाताला जादू होती. जादूबिदू काही नव्हती. चौथ्या दिवशी रंजूनं तिच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. त्या दिवशी बायजाक्काही ओरडली. तिच्या आईबापाचा, म्हणजे आमचाच, उद्धार केला, हातातला पत्र्याचा डबा भिंतीवर हाणला आणि बाहेर येऊन गडग्यापाशी बसली. म्हातारी घामानं निथळत होती.

"शालन, जरा हितनंच बोल तिच्याशी. पाच मिन्टं. मी दमली."

मी लांबूनच रंजूशी बोलत राहिले. कावळ्याचं, चिमणीचं, महादूला दात येतोय त्याचं. रंजू दारात येऊन उभी राहिली. मुठी वळलेल्या होत्या, मी त्यांच्याकडंच बघत होते. बायजाक्का पदरानं तोंड पुसत होती.

"तू ह्ये रोज करतीस?" ती म्हणाली.

"हो."

"येकटी?"

दुसरं कोण होतं? हे मशीनवर, आत्याबाई देवात, आणि परत रात्री सगळ्यांचं म्हणणं एकच, की आईनंच लाडावून ठेवलीय.

"येकटीचं काम न्हाई ह्ये," बायजाक्का म्हणाली आणि दंडाला हळद लावायला आत गेली.

सातव्या दिवशी रंजू आपण होऊन गडग्यापाशी आली. बायजाक्कानं तिची वेणी घातली होती. रंजू वेणी घालू देते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"आई, तू मला विकलंस?"

"खोटं खोटं गं ते."

"कितीला?"

"पसाभर ज्वारीला."

तिनं विचार केला. "अक्काकडं पोतं आहे. मी बघितलं. तू पोतं का नाही मागितलंस?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "रीत तेवढीच असते."

"मला अजून जास्त यायला पाहिजे होती," रंजू म्हणाली आणि निघून गेली.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं. घर सारवलं, सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी झालं आणि सकाळी नवाच्या एसटीनं दाजी हजर झाले. सोलापूरचं आधीच ठरलेलं होतं, सुतकापायी कुणाला पत्र टाकायचं भान राहिलं नव्हतं. दाजी ओसरीवर पाय पसरून बसले. दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन निघायचं होतं. हे म्हणाले, "रीत उरकून घ्या, मग कपडे बांध तिचे."

"गुण आलाय थोडा," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"शेजारी गुण आलाय. आपल्या घरात येईल तेव्हा खरं."

मी खणनारळ घेऊन बायजाक्काच्या दारात गेले. मागं आत्याबाई, त्यांच्या मागं हे. बायजाक्का उंबऱ्यात उभी, तिच्या लुगड्याआड रंजू. मी ठरलेलं म्हटलं, "तुमची पोर आम्हाला सांभाळायला द्या."

"कशाला?" बायजाक्का म्हणाली.

आत्याबाई चपापल्या. "अगं, कशाला काय? घे नारळ आणि दे पोर. असंच असतं."

"सांभाळाया मागताय का सोलापूरला धाडाया मागताय?"

"काकी, तो आमच्या घरातला प्रश्न आहे," हे म्हणाले.

"आसंल. पर नारळ माज्या पदरात पडस्तवर पोर माजी हाय. रीत तुमचीच. मी माजी पोर पट्टा खायाला कुठं धाडत न्हाई."

"जबरदस्तीनं नेली तर?"

"ने की. तुज्या आईला इचार, राजीखुशीनं न देता पोर न्हेली तर काय हुतं."

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी यांचा सदरा धरला. "नाही रे शिवराम. ते उलटतं. राजीखुशीनंच द्यावी लागते."

दाजी ओसरीवरून ओरडले, "काय पोरखेळ चाललाय?" आणि यांचा तोल गेला.

"काकी, तुम्हाला वाटतंय आम्ही सासू-नवरा मिळून पोर घालवतोय. हिला विचारा. हिनंच माझे पाय धरले होते, पोरीला इथनं न्या म्हणून. एकदा नाही, तीनदा."

ते खरं होतं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी तसं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातातला नारळ मला पेलवेना.

"ठावं हाय मला," बायजाक्का म्हणाली. "शालन, आत ये. सुतक फिटलं न्हवं? बांगड्या भरून घे आदी. उरल्यासुरल्या दोन बांगड्यांवर कुणी लेक मागायला येतं व्हय?"

तिनं रंजूला परसात पिटाळलं, मला आत नेऊन चटईवर बसवलं आणि दार लोटून घेतलं. माझा उजवा हात मांडीवर घेतला. अंगठ्याखालचं मांस दाबत म्हणाली, "सैल सोड."

मला सोडता येईना.

"माघापासनं तू तीनदा माज्याकडं आलीस. परत्येक येळला म्हनलीस, धुणं धुताना वाढवल्या. धुण्यात येक-दोन वाढत्यात शालन. उजव्या हातातल्या सगळ्या येकदम कशानं जात्यात, त्ये मला सांगाया लागत न्हाई. चाळीस वर्सं बायकांचं हात धरून बसलीया मी."

आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी तिन्ही वेळा तेच म्हटलं होतं आणि तिनं तिन्ही वेळा मुकाट्यानं डझनभर भरून दिल्या होत्या.

मग मी सांगितलं. दुसऱ्या कुणाला मी ते सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. दोनदा नुसत्या हातानं मारलं होतं. तिसऱ्यांदा, फाल्गुनात, रंजूनं पाळणा कलंडवला होता. महादू खाली पडला, त्याला काही लागलं नाही. मी यांचा कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि रंजूला मारत सुटले. गज मोडला तेव्हा थांबले. तिचं मनगट आठ दिवस सुजलेलं होतं. सगळ्यांना सांगितलं, ओट्यावरून पडली. रंजूनंही तेच सांगितलं. सहा वर्षांच्या पोरीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं.

"गज मोडला नसता तर मी थांबले असते का, मला माहीत नाही अक्का. मला माझ्या हाताची भीती वाटते."

"म्हून सोलापूर."

"तिथं दाजी मारतील. पण मी तरी मारणार नाही."

"म्हंजी मार तिनं खायाचाच. फकस्त तुजा हात निर्मळ ऱ्हायला पायजे."

हे ती रागानं म्हणाली नाही. साध्या आवाजात म्हणाली, म्हणून ते आरपार गेलं. मी रडले. महादूच्या वेळच्या कळांतही मी तशी रडले नव्हते. ती हात धरून बसून राहिली. काही बोलली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. माझं रडणं ओसरलं तेव्हा तिनं एकेक बांगडी चढवायला सुरुवात केली. सहा बांगड्या गेल्या, मला कळलंही नाही.

"तू वंगाळ आई न्हाईस," ती म्हणाली. "दमल्याली हाईस. आता माजं ऐक. रोज चार वाजल्यापासनं दिवं लागंस्तवर पोर माज्याकडं. त्याच्या आदी बी, हात शिवशिवला की गडग्यावरनं पोर हिकडं द्यायची. कारन सांगायचं न्हाई, लाजायचं न्हाई. मी पैलं मारू न्हाई देणार, मग इचारीन."

"रोज? अक्का, किती दिवस?"

"पोर माजी हाय. तू कोन इचारनार?"

ती दार उघडून बाहेर गेली, मागोमाग मी नारळ घेऊन, आणि आत्याबाईंसमोर, दाजींना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "पोर सांभाळाया देती. पर हाय ती माजीच. सोलापूरला धाडायची तर मला इचारून धाडायची. आन् मी न्हाई म्हननार."

आत्याबाईंनी झटकन नारळ माझ्या हातातून घेऊन तिच्या पदरात टाकला. न जाणो, आणखी काही अट घालायची. दाजी चहा पिऊन दुपारच्या गाडीनं एकटेच गेले. जाताना म्हणाले, "आमच्याकडं असती तर आठ दिवसांत सरळ केली असती." हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून परसात गेले आणि गडग्याचे आठ-दहा दगड काढून लुगडं न अडकता पलीकडं जाता येईल एवढी वाट केली. मला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी रंजूनं पुन्हा पाळण्याची दोरी धरली. तिच्या मुठी मला दिसल्या, पण जरा उशिरा. पाळणा गचकन हलला, महादू किंचाळला, आणि माझा हात वर गेला. गज नव्हता, नुसता हात. तो वर असतानाच मी हाक मारली. "अक्का" एवढंच.

बायजाक्का त्या वाटेनं आली. रंजूला घ्यायला आली असं मला वाटलं. तिनं पाळण्यात बघितलं, रंजूकडं बघितलं, मग माझ्या वर गेलेल्या हाताचं मनगट धरलं आणि खाली घेतलं.

"पोर ऱ्हाऊ दे आज हितंच. तू चल."

"मी?"

"तू. म्हातारे," तिनं आत्याबाईंना हाक मारली, "देव बिव ठिव आन् लेकरांपाशी बस घटकाभर. ही माज्याकडं यायलीय."

आत्याबाई जपमाळ हातात घेऊनच आल्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. रंजूच्या शेजारी भुईवर बसल्या आणि महादूला मांडीवर घेतलं. मी बायजाक्काच्या बाजेवर जाऊन पडले. तिनं गूळ घालून चहा दिला, वर शिळ्या भाकरीचा तुकडा दिला आणि दारात बसून तोडे ओवत राहिली. बाहेर कुणी बाई बांगड्या भरायला आली होती, तिला म्हणाली, "थांब जरा, माजी थोरली निजलीय."

त्यानंतर रंजूला मी मारलं नाही असं म्हणणार नाही. धपाटे बसले. पण बांगड्या वाढवायला कारण झालं, तसं पुन्हा झालं नाही. रंजूचा राग गेला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत टिकली, आठवीत एका मास्तरांशी भांडून घरी आली, लग्नानंतर दोन वेळा माहेरी आली आणि दोन्ही वेळा स्वतःच परत गेली. आता कऱ्हाडला तिची खानावळ आहे. हाताखाली अकरा बायका आहेत आणि सगळ्या तिला टरकून असतात. तरी एकही सोडून जात नाही. बायजाक्का सोळा वर्षं आमच्या शेजारी जगली. त्या सोळा वर्षांत मी तिचे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेले असते तर तिनं वेड्यात काढलं असतं, पण निदान म्हणायला हवं होतं.

गेल्या दिवाळीत रंजू आली होती. आम्ही दोघी करंज्या लाटत बसलो होतो. इतक्या वर्षांत हा विषय मी काढला नव्हता. पण आता पंच्याहत्तरी जवळ आली, म्हटलं विचारावं.

"रंजू, तुला आठवतं का गं, मी तुला गजानं मारलं होतं ते?"

ती लाटत राहिली. "आठवतं."

मला वाटलं, संपलं. मी सारणाच्या परातीकडं बघत बसले.

"नंतर हात वर गेला आणि तू अक्काला हाक मारलीस," रंजू म्हणाली, "तेही आठवतं."

मग तिनं लाटलेली पारी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "सारण भर, वाळतेय."